फ्रीझरचा आवाज

नऊ वर्षांनी आला अल्बम.
कुह्मोच्या पोस्टातून आणला, बर्फ ढकलायच्या गाडीत
शेजारच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला त्याला.
हसू नका. पहाटे तीनला त्या रस्त्यावर
माझ्याशिवाय कुणी नसतं, आणि असलंच
तर रेनडिअर असतं, त्याला संगीतातलं कळत नाही.

रोउताकोर्पी. गोठल्या मातीचं रान.
चार पोरं, आमच्याच शाळेतली, माझ्या दोन वर्षं पुढची.
पहिली कॅसेट त्यांनी बटाट्याच्या तळघरात केली:
तीन गाणी, अठ्ठावन्न मिनिटं,
आणि सगळ्याच्या मागे एक अखंड सूऽऽ
जिला मी एकवीस वर्षं हिमवादळ समजत होते.
मग यिर्की म्हणाला, पेट्रोलपंपावर, सॉसेज चावता चावता:
अगं, तो आईचा फ्रीझर. आत अख्खा मूस होता कापलेला,
बंद करू देईना ती.

तरी ते हिमवादळच राहिलं.
वडील गेले त्या हिवाळ्यात मी तिथेच राहायला होते.
गिटारी साचत जायच्या, एकीवर एक,
शब्द कळायचे नाहीत, कळायला नकोच होते.
तूरे ओरडायचा ते
रात्री तळ्याच्या बर्फाला तडा जातो तसं,
कुणासाठी नाही, कुणावर नाही.

आता हा.
पहिलं गाणं लागलं, मी आवाज वाढवला.
अजून वाढवला. मग उमगलं, आवाज कमी नव्हताच.
सगळं नीट ऐकू येत होतं, तोच घोटाळा.
ड्रमचा ठोका न् ठोका सुटा, धुतलेला,
घडी घालून कपाटात ठेवल्यासारखा.
मध्येच कीबोर्ड, हॉटेलात नाश्त्याच्या वेळी वाजतो तसला.
मग पाऊस, विकतचा. मग एक कावळा.
चौथ्या गाण्यात पुन्हा तोच कावळा.
आमच्याकडे कावळ्यांची टंचाई नाही रे तूरे,
खिडकी उघडायची होतीस.

पाट्या टाकल्यात म्हणावं, तर तसंही नाही.
मेहनत दिसते.
मेहनतच दिसते.

लेन्तीरापर्यंत सहा गाणी संपली.
परतताना तीच पुन्हा लावली, म्हटलं
माझंच चुकत असेल: स्पीकर जुने,
इंजिन मध्ये मध्ये बोलतं, वय त्रेचाळीस,
कान त्याहून म्हातारे.
नाही.

मग ते आठवलं, जे मुद्दाम आठवत नव्हते.
तूरेला आता झोप लागते. गावाला ठाऊक आहे.
चार वर्षं बाटली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात
दर गुरुवारी वाटाण्याचं सूप करतो,
आउने नावाची लेक आहे, समोरचे दात पडलेली.
माणूस बरा झालाय,
आणि मी इथे स्टिअरिंगवर बोटं आपटत
त्याच्याकडे जुना ताप मागतेय.
असं कुणी करतं?
करतं. मी करते.
तरीही पाचवं गाणं वाईटच आहे.

सहाला शाळेचं अंगण साफ करायला घेतलं.
तो एप्रनवरच बाहेर आला, हात काखेत.
“रात्रभर पडतंय ना?”
“रात्रभर.”
उभा राहिला. कशासाठी, ते दोघांना माहीत होतं.
मी म्हणाले, “कव्हर छान आहे.”
“कव्हर,” तो म्हणाला,
आणि इतका हसला की चष्म्यावर वाफ धरली.
मग, बर्फाकडे बघत: “पाचवं ना?”
“पाचवं.”
“हं.”

आत कॉफी दिली, मुलांच्या ठेंगण्या कपात.
गुरुवार होता. वाटाणे भिजून फुगले होते.
मागे भिंतभर फ्रीझर, नवा कोरा.
तो पातेलं हलवत होता तेवढ्यात मी
कान देऊन पाहिला:
काहीच नाही.
बाहेर माझी गाडी घरघरत होती,
बंद करायची राहून गेली होती.